पुण्याचा रविवार आणि मावळचे अंगण

मोठ्या शहराचे मोठेपण त्याच्या कारखान्यांच्या धुराड्यांवरून किंवा इमारतींच्या उंचीवरून मोजण्याची रीत रूढ झाली असली, तरी त्या शहरातील सामान्य माणूस सुटीच्या दिवशी कोठे जातो आणि तेथे पोहोचण्यासाठी त्याला किती खर्च येतो, ही मोजणी अधिक बोलकी ठरेल. पुण्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर एकेकाळी सोपे होते. पर्वतीच्या पायऱ्या, सारसबाग, पेशवे पार्क, संभाजी बाग आणि वेताळ टेकडी एवढ्यात मध्यमवर्गीय कुटुंबाचा रविवार सुखाने मावत असे. वर्षातून एखाद्या वेळी सिंहगड किंवा खडकवासला घडला, म्हणजे आठवडाभर त्याच्या गोष्टी पुरत. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या एकतीस लाखांवर गेली, त्यानंतरही शहर वाढतच राहिले. बागा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, टेकड्यांना इमारतींनी वेढले आणि पुणेकरांचा रविवार कात्रजचा घाट ओलांडून भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत उतरला.

हे स्थलांतर स्वाभाविकच म्हणावे लागेल. पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरांच्या टप्प्यात निसर्ग आणि इतिहास यांचा असा मेळ अन्यत्र क्वचितच सापडेल. शिवकालीन गुंजण मावळ, हिरडस मावळ, वेळवंड खोरे आणि कानद खोरे या मुलखाचा मोठा भाग आज याच दोन तालुक्यांत मोडतो. समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंचीचा तोरणा आपले ‘प्रचंडगड’ हे दुसरे नाव सार्थ करीत उभा आहे. त्याच्या शेजारी पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या पसरून बसलेला राजगड सुमारे पंचवीस वर्षे स्वराज्याची राजधानी होता. आग्र्याहून निसटल्यानंतर १६६६ मध्ये शिवाजी महाराज परतले ते याच गडावर. गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गप्रेमी लेखकाने या गडावर जीव लावला आणि मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना गडाची वाट दाखवली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट केलेल्या बारा मराठा दुर्गांत राजगडाचा समावेश आहे. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यासही राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली.

भोरचे ऐश्वर्य निराळ्या प्रकृतीचे आहे. पंतसचिवांच्या संस्थानाची ही राजधानी. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, परंतु गावातील राजवाडा अद्याप जुन्या दिमाखाची साक्ष देतो आणि चित्रपटवाल्यांनाही खुणावतो. जवळच रोहिडा आहे. पुढे स्वराज्याच्या शपथेची परंपरा सांगणारे रायरेश्वराचे पठार आहे आणि तेथून पश्चिमेस गेले की वरंधा घाटातून कोकणाचे दर्शन घडते. नसरापूरजवळच्या बनेश्वराचे देवालय नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ मध्ये उभे राहिले. तेथील पोर्तुगीज घंटा वसईच्या मोहिमेची आठवण जागी ठेवते. गर्द झाडी, देवाचे दर्शन आणि धबधब्याचा गारवा एकाच ठिकाणी मिळत असल्याने लहान मुले व वृद्ध यांना घेऊन निघालेल्या कुटुंबास बनेश्वर सोयीचे पडते. पावसाळ्यात केळदजवळच्या मढे घाटात उभे राहिल्यावर सह्याद्रीचा कडा आणि खाली सुटणारे पाणी पाहताना शहराचा शीण कोठच्या कोठे निघून जातो.

पाण्याचे ऋण

तथापि पुणे आणि हा मुलूख यांचे नाते केवळ सहलीचे नाही, ते त्याहून जुने आणि पाण्याचे आहे. आंबी नदीवरील पानशेत आणि मोसे नदीवरील वरसगाव या धरणांचे पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळांत येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटून पुण्यावर कोसळलेली आपत्ती शहराच्या स्मरणात आहे. त्या धरणासाठी खोऱ्यातील माणसांनी घरे, देवळे आणि भाताची खाचरे सोडली, हे मात्र तितकेसे स्मरणात राहिलेले नाही. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर ब्रिटिश अमदानीत बांधलेले भाटघर धरण आपल्या पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजांसाठी प्रसिद्ध आहे. पुढे नीरा-देवघर धरण झाले. तेथील पाणी कालव्यांनी पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात गेले आणि तेथील शेती फुलली. ज्यांच्या माथ्यावर सर्वाधिक पाऊस पडतो आणि ज्यांच्या दारात अथांग जलाशय पसरले आहेत, त्याच डोंगरातील काही वाड्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, ही विसंगती कोणाही विचारी माणसास अस्वस्थ करणारी आहे.

म्हणून सहलीचा विचार या ऋणाच्या जाणिवेतूनच व्हायला हवा. २०११ च्या जनगणनेत अवघ्या वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे चोपन्न हजार होती. शहराच्या एखाद्या मोठ्या उपनगरातही याहून अधिक माणसे राहतात. अशा विरळ वस्तीच्या मुलखात पावसाळ्याच्या एका रविवारी मोटारींच्या रांगा लागतात, तेव्हा अरुंद रस्ते, दोन-चार खोल्यांची आरोग्यकेंद्रे आणि तुटपुंज्या उत्पन्नाच्या ग्रामपंचायती यांच्यावर पडणारा भार सहज ध्यानात येईल. ज्या दिवसांत शहरातील माणूस धबधबे पाहायला येतो, तेच दिवस तेथे भाताच्या आवणीचे असतात. गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बायाबापड्यांच्या खाचरांचे बांध तुडवीत, कर्कश गाणी लावीत जाणाऱ्या टोळक्यांना आपण कोणाच्या तरी कामाच्या जागी आलो आहोत, याचे भानही नसते. पोटापाण्याचा कारखाना चालू असताना त्यात शिरून नाचण्याचा उद्धटपणा शहरात कोणी करणार नाही. शेताच्या बाबतीत तो बिनदिक्कत केला जातो.

काठ कोणाचा?

याहून गंभीर प्रश्न काठाच्या मालकीचा आहे. जलाशयांच्या सभोवार शेतघरे आणि विश्रामस्थाने उभी राहत आहेत. कुंपणे पडत आहेत आणि जेथे पूर्वी गुराखी गुरे पाण्यावर नेत असे, तेथे आता फाटक आडवे येते. शेतजमीन विकून आलेला पैसा चार-दोन वर्षांत संपतो आणि कालचा खातेदार त्याच जमिनीवर राखणदार म्हणून उभा राहतो, ही शोकांतिका अनेक खोऱ्यांच्या परिचयाची झाली आहे. शहरातील सामान्य माणसाचाही यात तोटाच आहे. ज्याच्यापाशी मोटार आणि मुक्कामाचे भाडे आहे त्याला जलाशयाचा काठ लाभावा आणि शाळामास्तर, कारकून व विद्यार्थी यांनी तो कुंपणापलीकडून पाहावा, अशी स्थिती येणार असेल, तर त्याला विकास म्हणणे धाडसाचे ठरेल. धरणे सार्वजनिक पैशातून बांधली गेली आहेत. त्यांचे काठ सुरक्षित ठेवून सर्वांना फिरण्यासाठी खुले राहिले पाहिजेत.

सुरक्षिततेचा प्रश्न येथे ओघानेच येतो. मे २०२२ मध्ये भाटघरच्या जलाशयात पाच स्त्रिया बुडाल्या. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण प्रवाहात वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना पूल गर्दीने कोसळून चौघांचे प्राण गेले. जलाशयाचा काठ वरून शांत दिसतो, परंतु पाण्याखाली जुन्या खाचरांचे बांध, गाळ आणि नदीचे मूळ पात्र असते. एका पावलावर गुडघाभर असणारे पाणी पुढच्या पावलावर पुरुषभर होते. भुशीच्या दुर्घटनेनंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले. संकटकाळी असे आदेश आवश्यक असतात, परंतु मनाई म्हणजे धोरण नव्हे. बंदी असलेल्या ठिकाणी पोलीस नसेल त्या दिवशी लोक जाणारच. कोठे जाता येईल, कोठे उभे राहता येईल आणि कोठे पाऊल टाकू नये, हे जागच्या जागी सांगणारा माहीतगार माणूस आणि बांधलेली वाट अधिक जीव वाचवतील.

या संदर्भात हाँगकाँगचे उदाहरण उद्बोधक आहे. जागेची जीवघेणी टंचाई असलेल्या त्या शहराने १९७६ मध्ये कायदा करून डोंगर आणि जलाशयांभोवतीची पाणलोट क्षेत्रे ग्रामीण उद्याने म्हणून राखली. आज तेथील सुमारे दोन पंचमांश भूभाग असा राखीव आहे. १९७९ मध्ये खुली झालेली तेथील शंभर किलोमीटरांची पायवाट जलाशयांच्या कडेने आणि डोंगरधारांवरून जाते आणि कारखान्यातला मजूरही बसचे तिकीट काढून तिच्या तोंडाशी पोहोचतो. भोर-वेल्ह्यात या पद्धतीची नक्कल जशीच्या तशी करता येणार नाही. कारण येथील डोंगरांत माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत आणि उद्यानाच्या नावाखाली त्यांना पुन्हा एकदा उठवणे हा घोर अन्याय होईल. परंतु पाणलोट आणि पायवाटा ही सार्वजनिक ठेव आहे, हे तत्त्व घेण्यास हरकत नसावी.

त्यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. शनिवार-रविवारी स्वारगेटहून नसरापूर, वेल्हे, गुंजवणे आणि भोर या मार्गांवर एस.टी.च्या पुरेशा व वक्तशीर गाड्या सोडल्या, तर मोटारींची गर्दी घटेल. महिलांना २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास करता येत असल्याने एखाद्या शिक्षिकेला मुलांसह बनेश्वरी जाणे परवडेल. गडाच्या पायथ्याशी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचार यांची सोय हवी. वाहनतळाचे उत्पन्न बाहेरच्या ठेकेदाराऐवजी ग्रामपंचायतीकडे जावे. गावातील तरुणांना वाटाड्याचे आणि बचावाचे शिक्षण द्यावे. पहाटे ताकाचे हंडे गडावर वाहून नेणाऱ्या आणि पायथ्याशी पिठलं-भाकरी रांधणाऱ्या स्त्रियांना हक्काची जागा मिळावी.

सोयी वाढल्या की गर्दी वाढेल आणि असलेली शांतताही जाईल, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. परंतु गर्दी सोयींची वाट पाहत थांबलेली नाही, ती येऊन पोहोचली आहे. आता प्रश्न एवढाच की तिला शिस्त लावावयाची की तिच्यापुढे हात टेकावयाचे. गडावर एका दिवशी किती माणसे जावीत याची मर्यादा ठरवणे, आवणीच्या दिवसांत शेतातून जाणाऱ्या वाटांऐवजी ठराविक वाटाच वापरणे, हे नियम ग्रामसभांच्या संमतीने झाले तर ते पाळलेही जातील.

निसर्गात चार घटका मोकळा श्वास घेणे ही श्रीमंतांची चैन नव्हे. दहा बाय दहाच्या खोलीत राहून आठवडाभर खडू झिजवणाऱ्या किंवा फायली उपसणाऱ्या माणसाची ती गरज आहे आणि ती भागवण्याची जबाबदारी शासनास टाळता येणार नाही. मात्र ज्यांनी आपल्या जमिनी पाण्याखाली जाऊ दिल्या म्हणून शहराची तहान भागते, त्यांच्या अंगणात पाहुण्याने पाहुण्यासारखेच वागावे लागते. यजमानाची विचारपूस न करता त्याच्या घरात वावरणाऱ्यास मराठी भाषेत पाहुणा म्हणत नाहीत.