वारंवार होणारे गर्भपात व औषधोपचाराची मर्यादा

दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत सर्व तपासण्यांनंतरही निश्चित कारण सापडत नाही. अशा वेळी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ हा शब्द कानी पडतो. प्राणवायूच्या वापरातून शरीरात काही घातक कण निर्माण होतात. त्यांना आवर घालणारी द्रव्ये अपुरी पडल्यास पेशींना व वाढत्या वारेला इजा पोहोचू शकते. तथापि, हा ताण गर्भपाताचे कारण आहे की परिणाम, हे अद्याप ठरलेले नाही. अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी गर्भपात टळतो, असेही सिद्ध झालेले नाही.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉमिस’ चाचणीत अशा ८३६ स्त्रिया होत्या. प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी ६५.८ टक्के, तर औषधाचा अंश नसलेला पर्याय घेणाऱ्यांपैकी ६३.३ टक्के स्त्रियांना जिवंत अपत्य झाले. म्हणजेच औषधाविनाही बहुसंख्य स्त्रियांची कूस उजवली. मात्र पूर्वी गर्भपात झालेल्या स्त्रीस गरोदरपणाच्या आरंभी रक्तस्राव झाल्यास हेच औषध उपयोगी ठरू शकते, असे २०१९ च्या ‘प्रिझम’ चाचणीत दिसले. म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध परस्पर बंद करू नये.

दोष केवळ सुनेचा मानणेही अन्यायकारक आहे. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या २०१२ च्या अभ्यासात काही पतींच्या शुक्राणूंतही बदल आढळले. साखरा परिसरातील कुटुंबांना नम्र विनंती, की पती-पत्नींनी मिळून तपासणीस यावे, तंबाखू सोडावी व दिवस राहताच नाव नोंदवावे. देणगीदारांचा रुपयाही महागड्या गोळ्यांपेक्षा तपासणी व धीर देण्याच्या कामी अधिक सार्थकी लागेल.