डिझेल इंजिनातील कमी इंधनदाबाचे निदान

डिझेल इंजिनातील कमी इंधनदाब म्हणजे टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या मार्गात इंधनाचा दाब इंजिनाच्या त्या वेळच्या गरजेपेक्षा कमी राहण्याचा दोष होय. या दोषामुळे इंजिन सुरू होण्यास वेळ लागतो, ओझ्याखाली त्याची शक्ती कमी पडते किंवा ते चालता चालता बंद पडते. हीच लक्षणे इतर दोषांमुळेही दिसू शकतात. म्हणून दाब खरोखर कमी आहे काय आणि तो कोणत्या टप्प्यावर कमी होतो, हे मोजून ठरवावे लागते. या शोधाला निदान म्हणतात. इंधन ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने एकेक टप्पा तपासत जाणे आणि पुढील महाग भागाला हात लावण्यापूर्वी मागील साधे भाग निर्दोष असल्याची खात्री करून घेणे, हे निदानाचे मुख्य सूत्र होय. हा क्रम सोडल्यास चांगला इंजेक्शन पंप खोलला जातो आणि तुंबलेला फिल्टर किंवा भेगाळलेली रबरी नळी मात्र जागच्या जागी राहते.

== दाबाची आवश्यकता ==

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे चौदाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते आणि त्यामुळे ती इतकी तापते, की तिच्यात शिरणारे डिझेल आपोआप पेट घेते. या दाबलेल्या हवेत इंधन शिरण्यासाठी त्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा बराच अधिक असावा लागतो. शिवाय त्याचे अतिसूक्ष्म तुषार होणे आवश्यक असते. दाब कमी पडल्यास थेंब मोठे राहतात, ते पूर्ण जळत नाहीत आणि इंधनाचे प्रमाणही घटते.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात इंधन आत ढकलण्यासाठी दाबयुक्त हवा वापरली जात असे. बॉश कंपनीने १९२७ मध्ये यांत्रिक इंजेक्शन पंपाचे नियमित उत्पादन सुरू केल्यावर ट्रक व ट्रॅक्टर यांसाठी सुटसुटीत डिझेल इंजिने बनवणे सोपे झाले. प्रवासी मोटारींत कॉमन रेल प्रणाली प्रथम १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत आली. महाराष्ट्रात शेतीला पाणी उपसण्यासाठी डिझेल इंजिनांचा मोठा वापर झाला; १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही या क्षेत्रातील प्रमुख कंपनी होय.

== इंधनप्रणालीचे दोन भाग ==

निदानाच्या दृष्टीने इंधनाच्या मार्गाचे दोन भाग पडतात.

कमी दाबाची बाजू: यात टाकी, तिच्या झाकणातील हवेचे छिद्र, टाकीतील जाळी, नळ्या, पाणी वेगळे करणारा भाग, फिल्टर आणि फीड पंप यांचा समावेश होतो. फीड पंपाच्या आधीच्या नळीत इंधन ओढले जाते. त्यामुळे तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. पंपानंतर तो साधारण काही बार इतकाच असतो. विहिरीवरील अनेक एका सिलिंडरच्या इंजिनांत टाकी इंजिनाच्या वर बसवलेली असते आणि डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येते. तेथे फीड पंप नसतो.

उच्च दाबाची बाजू: यात इंजेक्शन पंप, पोलादी नळ्या आणि इंजेक्टर येतात. यांत्रिक प्रणालीत इंजेक्टरची सुई उघडण्याचा दाब स्प्रिंगने ठरवलेला असतो. थेट अंतःक्षेपणाच्या अनेक इंजिनांत तो २०० बारच्या आसपास असतो. कॉमन रेल प्रणालीत उच्च दाबाचा पंप एका जाड नळीत म्हणजे रेलमध्ये दाब साठवतो. इंजिन सावकाश फिरताना हा दाब बहुधा २५० ते ४०० बार असतो. पूर्ण ओझ्याखाली पहिल्या पिढीच्या प्रणालींत तो १,३५० बारपर्यंत जात असे; नंतरच्या अनेक प्रणालींत तो २,००० बार किंवा त्याहून अधिक असतो.

१ बार म्हणजे सुमारे १.०२ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर किंवा १४.५ पौंड प्रति चौरस इंच. म्हणून गॅरेजमध्ये दाब ‘किलो’त किंवा ‘पौंडा’त सांगण्याची पद्धत आहे. वरील आकडे सर्वसाधारण आहेत; प्रत्यक्ष तपासणीत त्या इंजिनाच्या उत्पादकाने दिलेली मूल्येच प्रमाण मानतात.

== लक्षणे आणि त्यांचा अर्थ ==

लक्षण केव्हा दिसते, यावरून शोधाची दिशा बरीच ठरते.

* स्टार्टरने इंजिन फिरवूनही नळकांड्यातून कोणताच धूर येत नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते, पण नीट जळत नाही. तेथे ग्लो प्लग, कॉम्प्रेशन किंवा इंजेक्शनची वेळ यांकडे पाहावे लागते.
* ओझ्याखाली शक्ती कमी पडते, पण काळा धूर येत नाही, तेव्हा इंधनाच्या कमतरतेचा संशय बळावतो. शक्ती कमी आणि धूर दाट काळा असेल, तर हवेचा फिल्टर, टर्बो किंवा खराब नोझल यांचा संशय आधी घ्यावा.
* रात्रभर उभे राहिलेले इंजिन सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडते आणि पुन्हा बराच वेळ फिरवावे लागते, अशा वेळी कोठून तरी हवा शिरून डिझेल टाकीकडे परत गेलेले असण्याचा संभव असतो.
* इंजिन थंड असताना सहज सुरू होते, परंतु तापल्यावर बंद केले की सुरू होत नाही, हे पंप किंवा इंजेक्टर आतून झिजल्याचे चिन्ह असू शकते. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या फटींतून अधिक गळते.
* काही अंतर चालून इंजिन बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येतो. अशा वेळी झाकणातील छिद्र बुजलेले असते.

== निदानाचा क्रम ==

=== प्राथमिक पाहणी ===

टाकीत पुरेसे डिझेल आहे काय, कॉक पूर्ण उघडा आहे काय, फिल्टर केव्हा बदलला आणि दोष सुरू होण्याच्या आधी कोणते काम झाले, ही माहिती प्रथम घ्यावी. नवा फिल्टर बसवल्यानंतर लगेच दोष आला असेल, तर वॉशर नीट न बसल्याची किंवा हवा पूर्ण न काढल्याची शक्यता मोठी असते. फिल्टरच्या तळाचे थोडे डिझेल काचेच्या बरणीत काढून स्थिर ठेवल्यास पाणी खाली बसते. गढूळपणा, काळपट चिकट थर किंवा गंजाचे कण दिसल्यास टाकी साफ करणे आवश्यक ठरते. धातूचा चकाकणारा चुरा दिसल्यास उच्च दाबाचा पंप झिजत असल्याचे समजावे. हा चुरा पुढे इंजेक्टरपर्यंत जात असल्याने अशा वेळी केवळ पंप बदलून भागत नाही; संपूर्ण मार्ग धुवावा लागतो.

=== हवेचा शोध ===

ओढीच्या बाजूस दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे तेथील सैल जोडातून डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून जोड कोरडा दिसणे हा तो निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. तपासणीसाठी फिल्टर व पंप यांच्या दरम्यान थोडी पारदर्शक नळी तात्पुरती जोडतात. इंजिन चालू असताना तीत बुडबुड्यांची सलग माळ दिसली, तर हवा शिरत आहे हे निश्चित होते. त्यानंतर नळी टाकीच्या दिशेने एकेक जोड मागे सरकवत नेल्यास बुडबुडे जेथे नाहीसे होतात, त्या जागेच्या लगेच पुढे दोष सापडतो.

यांत्रिक प्रणालीत शिरलेली हवा काढण्यासाठी फिल्टरवरील स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारतात. बुडबुड्यांशिवाय डिझेल येऊ लागल्यावर स्क्रू घट्ट करून हीच कृती पंपावर करतात. हवा काढल्यावर इंजिन चालते आणि दुसऱ्या दिवशी दोष पुन्हा उद्भवतो, तेव्हा हवा काढणे हा उपाय नसून केवळ चाचणी झाली, असे समजले पाहिजे.

=== पुरवठ्याचा दाब व प्रवाह ===

फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबमापक लावून इंजिन सावकाश व वेगाने फिरताना नोंदी घेतात. आधीचा दाब योग्य आणि नंतरचा कमी असेल, तर फिल्टर तुंबलेला असतो. दोन्ही ठिकाणी कमी असेल, तर दोष फीड पंपात किंवा त्याच्याही मागे असतो. पंप ओढीने चालणारा असल्यास त्याच्या प्रवेशाशी निर्वातमापक लावतात. मर्यादेपेक्षा अधिक ओढ म्हणजे मागे कोठेतरी अडथळा. ओढ अगदीच कमी म्हणजे हवा शिरते किंवा पंप दुबळा झाला आहे.

केवळ दाब पाहणे पुरेसे नसते. अरुंद झालेल्या नळीतही सावकाश चालताना दाब ठीक दिसतो. ओझे वाढल्यावर प्रवाह अपुरा पडतो. म्हणून ठरावीक वेळात मोजपात्रात किती डिझेल येते, हेही तपासतात. स्वच्छ डिझेलच्या वेगळ्या डब्यातून पंपाला थेट पुरवठा देणे ही साधी पण निर्णायक चाचणी होय. डब्यावर इंजिन पूर्ण शक्तीने चालले, तर दोष वाहनाच्या टाकीत, नळ्यांत किंवा वगळलेल्या फिल्टरात आहे.

=== उच्च दाबाची तपासणी ===

पुरवठा निर्दोष ठरल्यावरच पुढे जावे. यांत्रिक प्रणालीत इंजेक्टर काढून हाताने चालणाऱ्या चाचणी यंत्रावर त्यांचा उघडण्याचा दाब, तुषारांचा आकार आणि टोकाशी होणारी ठिबक तपासतात. पंपातील प्लंजर व डिलिव्हरी व्हॉल्व्ह यांची झीज कॅलिब्रेशनच्या यंत्रावर कळते. हे काम प्रशिक्षित कारागिराकडेच द्यावे.

कॉमन रेल प्रणालीत निदानयंत्रावर ‘अपेक्षित’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन दाब एकाच वेळी पाहतात. इंजिन बराच वेळ बंद असताना प्रत्यक्ष दाब जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. तसे नसेल, तर दाबसंवेदक किंवा त्याची तार यांवर संशय घ्यावा. इंजिन सुरू होण्यासाठी अनेक प्रणालींत किमान १५० ते २५० बार दाब लागतो. तो होईपर्यंत नियंत्रक इंजेक्टर उघडत नाही. तफावत केवळ मोठ्या ओझ्याखाली पडत असेल, तर फिल्टर व पुरवठा पुन्हा पाहावा. स्टार्टरने फिरवतानाच दाब चढत नसेल, तर हवा, दाबनियंत्रक व्हॉल्व्ह, इंजेक्टरची परतगळती आणि पंपाची झीज या क्रमाने शोध घ्यावा.

परतगळती मोजण्यासाठी प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या मापाच्या बाटलीत सोडतात. ठरावीक वेळात एका बाटलीत इतरांपेक्षा पुष्कळ अधिक डिझेल जमले, तर तो इंजेक्टर रेलमधील दाब वाया घालवत आहे, असा निष्कर्ष निघतो. सर्व बाटल्या मर्यादेत असूनही दाब होत नसेल, तरच पंपाकडे वळावे.

निदानयंत्रावर दिसणारा ‘पी००८७’ हा संकेत रेलमधील दाब फार कमी असल्याचे सांगतो. तो का कमी आहे, हे तो सांगत नाही. हा संकेत पाहून थेट पंप बदलणे म्हणजे ताप मोजून रोगाचे नाव ठरवणे होय.

== सुरक्षितता ==

कॉमन रेलमधील डिझेलची बारीक धार त्वचा भेदून शरीरात शिरते. बाहेरून जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली आणि फारशी दुखत नसली, तरी आतील ऊती मरू लागतात आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात कापावा लागण्याची वेळ येते. अशी इजा झाल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात नेऊन दाबाखालील डिझेल शरीरात शिरले आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

गळती कधीही हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून ती पाहावी. जुन्या यांत्रिक इंजिनांत नळीचा नट सैल करून सिलिंडर तपासण्याची पद्धत होती. चालू कॉमन रेल इंजिनावर तसे करणे प्राणघातक ठरू शकते. इंजिन बंद केल्यावर दाब उतरेपर्यंत थांबावे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावावा. काही इंजेक्टरांच्या तारांत १०० व्होल्टपेक्षा अधिक विद्युत्‌दाब असतो, हेही ध्यानात ठेवावे.

== प्रतिबंध ==

अनेक इंजेक्शन पंपांना वंगण म्हणून डिझेलच पुरते. पुरवठा अपुरा पडला किंवा त्यात पाणी शिरले, की पंपाचे अतिशय काटेकोर मापाचे भाग कोरडे घासू लागतात. त्यामुळे वेळेवर न बदललेला स्वस्त फिल्टर अखेरीस पंप व इंजेक्टर यांच्या मोठ्या खर्चास कारण होतो. केरोसीनच्या भेसळीनेही डिझेलचा वंगणगुण घटतो.

फिल्टर ठरलेल्या मुदतीत बदलणे, पाणी वेगळे करणाऱ्या भागातील पाणी नियमित काढणे, टाकी शक्यतो भरलेली ठेवून आत दव जमू न देणे, पिंपातील डिझेल गाळून भरणे आणि उघड्या नळ्यांची तोंडे झाकून ठेवणे, एवढ्या दक्षतेने या दोषाची बरीच कारणे टाळता येतात. पेरणी किंवा मळणीच्या हंगामात ट्रॅक्टर अडल्यास दुरुस्तीच्या खर्चापेक्षा वाया गेलेले दिवस अधिक महाग पडतात. म्हणून ही कामे हंगामापूर्वी उरकून घेणे हितावह असते.

== हेही पहा ==

* डिझेल इंजिन
* रुडॉल्फ डिझेल
* अंतर्ज्वलन इंजिन
* कॉमन रेल
* ट्रॅक्टर