उत्तर आलं होतं, मलाच दिसत नव्हतं

ऐकायला वेळ नाही पण वाचायला आहे, अशांसाठी हा भाग लिहून देतोय.

गेल्या महिन्यात मी एका भल्या माणसाला तिखट मेसेज पाठवणार होतो. लिहून तयार होता: 'माझ्या प्रश्नाची उत्तरं तुम्ही डिलीट करता का?' नशीब, पाठवण्याआधी दहा मिनिटं तपासणी केली. घोळ माझ्याच लॅपटॉपमधल्या एका आकड्याचा निघाला.

आधी थोडी ओळख. बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टिम. पहिली १९७८ मध्ये शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी सुरू केली. तेव्हा मोडेमने फोन लावून आत जायचे. आज इंटरनेटवरून टेलनेटने जाता येतं, मोबाईलवरच्या टर्मिनल अ‍ॅपमधूनसुद्धा. फक्त टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो, म्हणून दुसरीकडे वापरलेला पासवर्ड तिथे देऊ नका. न्यूजग्रुप ही यूजनेटची देणगी. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना ही कल्पना सुचली: विषयवार ग्रुप, आणि प्रत्येक मेसेजची प्रत सर्व्हरकडून सर्व्हरकडे जाणार. बरेच सिसऑप, म्हणजे बोर्ड चालवणारे, हे ग्रुप आपल्या बोर्डवर आणतात. मग वाचायला दोन दारं असतात. एक बोर्डचा स्वतःचा मेनू, दुसरं न्यूजरीडर अ‍ॅप. या दुसऱ्या दाराची भाषा म्हणजे एनएनटीपी.

मी जुन्या सीपीएम सिस्टिमच्या ग्रुपवर विचारलं होतं, की वर्डस्टारमध्ये बाणाच्या कीज का चालत नाहीत? बारा दिवस न्यूजरीडरमध्ये शुकशुकाट. मला वाटलं, एकतर मला बॅन केलंय, नाहीतर उत्तरं उडवलीत.

तपासणीची पहिली पायरी सोपी होती: दुसऱ्या दाराने जाऊन बघायचं. बोर्डच्या मेनूतून आत गेलो, तर तीन उत्तरं समोर! म्हणजे मेसेज सर्व्हरवर होते, अडलं होतं मधे कुठेतरी.

दुसरी पायरी, सर्व्हर काय म्हणतो ते ऐकायचं. टेलनेटने थेट ११९ नंबरच्या पोर्टला जोडलं. (एनक्रिप्टेड जोडणी साधारणपणे ५६३ वर असते.) इथे सर्व्हर तीन आकडी कोडमध्ये बोलतो, आणि प्रत्येक कोडचा अर्थ वेगळा:

४८० – आधी लॉगिन करा.
४११ – असा ग्रुप नाही. नाव चुकलं असेल, किंवा तुमच्या अकाउंटला तो ग्रुप दाखवायचाच नाही असं सिसऑपने ठरवलं असेल.
४२३ – या क्रमांकाचा मेसेज नाही. जुना म्हणून काढला गेला असू शकतो.
४३० – या मेसेज-आयडीचा मेसेज या सर्व्हरवर नाही.

मला यातलं काहीच आलं नाही. लॉगिन करून ग्रुप उघडला, तर उत्तर आलं: २११ २१२ १ २१२. म्हणजे सगळं ठीक, अंदाजे २१२ मेसेज, पहिला १ नंबरचा, शेवटचा २१२. आता न्यूजरीडरची नोंद पाहिली. तिथे लिहिलं होतं: १ ते ३८७० वाचून झाले.

ट्यूब पेटली! सिसऑपने बोर्ड नव्या मशीनवर हलवलं होतं आणि मेसेजचे नंबर पुन्हा १ पासून सुरू झाले होते. माझं अ‍ॅप ३८७१ ची वाट बघत बसलं होतं. नवीन आलेलं सगळं त्याच्या लेखी 'वाचून झालेलं'.

यातलं लक्षात ठेवण्यासारखं एवढंच: मेसेजचा नंबर हा बँकेतल्या टोकनसारखा असतो, त्या एका शाखेपुरता. दुसऱ्या सर्व्हरवर त्याच मेसेजचा नंबर वेगळा. मेसेज-आयडी मात्र पीएनआरसारखा, कुठल्याही सर्व्हरवर तोच. म्हणून मेसेज शोधायचा असेल किंवा सिसऑपला विचारायचं असेल, तर आयडी द्या, नंबर नाही.

उपाय: न्यूजरीडरच्या नोंदींच्या फाईलमधून त्या ग्रुपची ओळ काढली आणि ग्रुप पुन्हा जोडला. फाईल बदलताना अ‍ॅप बंद ठेवा आणि आधी कॉपी काढून ठेवा. नुसतं अनसबस्क्राइब करून भागेलच असं नाही. अनेक अ‍ॅप फक्त ओळीतली खूण बदलतात, आकडे तसेच राहतात.

आणि उत्तर? वर्डस्टारमध्ये कर्सर हलवायला कंट्रोलसोबत ई, एस, डी, एक्स दाबायचं. बाणाची की टर्मिनलवरून एकाऐवजी अनेक अक्षरं पाठवते, म्हणून गोंधळ. ज्यांनी हे समजावलं, त्यांनी चार दिवसांनी पुन्हा विचारलं होतं, 'जमलं का?' त्यानंतर तेही गप्प. बारा दिवस त्यांना वाटलं असेल, पोरगा साधं थँक्यूही म्हणत नाही.

त्या रात्री दोन मेसेज लिहिले. एक त्यांना, माफी आणि आभाराचा. दुसरा सिसऑपना, की नंबर बदललेत, बाकीच्यांनाही सांगा. तो तिखट मेसेज तेवढा डिलीट केला.

तुमचंही कुठे उत्तर अडकलं असेल, तर आधी दुसऱ्या दाराने डोकावून बघा. भेटू पुढच्या भागात!