बैलाचा खांदा पाहता, तशी आजोबांची पाठही पाहा

दिवसभराची नांगरट संपली की शेतकरी बैलाचे जू उतरवतो आणि त्याच्या खांद्यावरून हात फिरवतो. खांदा गरम वा सुजलेला लागला, तर दुसऱ्या दिवशी त्या बैलाला जुंपत नाही. जखम होण्याआधीच विसावा द्यावा, हे शहाणपण आपल्याकडे आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठीही तेच वापरावे.

वयाबरोबर कातडी पातळ व कोरडी होते, तिच्याखालची चरबी झडते. अंगाचा भार तासन्‌तास एकाच जागी पडला, की हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये रक्तवाहिन्या दाबल्या जातात. तेथील मांसाला रक्त मिळत नाही व ते मरू लागते. माकडहाड, खुबे, घोटे आणि टाचा ही त्याची ठिकाणे. यालाच शय्याव्रण म्हणतात. वरून लहान दिसणारी जखम आत हाडापर्यंत गेलेली असू शकते. ती भरायला महिने लागतात. जंतू रक्तात भिनले तर जीवही जातो.

खानापूर, बेळगाव भागात भाताची सुगी आली की घर सकाळीच रिकामे होते. आजोबांना ज्या कुशीवर निजवले, त्याच कुशीवर ते दुपारपर्यंत पडून राहतात. जखमेची सुरुवात अशाच दिवसांत होते. म्हणून सुगीआधीच पाळ्या ठरवाव्यात. घरातील एकाने मागे राहावे, नाहीतर शेजाऱ्यांशी बोलून ठेवावे.

जो मागे राहील त्याने एवढे करावे:

१. साधारण दर २ तासांनी कूस बदलावी. माणसाला ओढू नये, कातडी सोलवटते. दोघांनी खालची चादर धरून उचलावे.

२. पोटऱ्यांखाली उशी ठेवावी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. रबरी कडे वापरू नये. त्याने भोवतालचा रक्तपुरवठा अडतो. हवेची गादी मिळाल्यास चांगलेच, पण तरीही कूस बदलावीच लागते.

३. लघवी-शौचाने अंथरूण भिजल्यास लगेच बदलावे. अंग पाण्याने स्वच्छ करून, न घासता टिपावे व व्हॅसलीनचा पातळ थर लावावा.

४. थंडीत कोमट पाण्याने थोडक्यात अंग धुवावे. साबण काखा, जांघा व पाय यांनाच पुरे. अंग ओलसर असतानाच खोबरेल लावावे. पायाच्या बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या ठेवाव्यात.

५. डाळ, अंडे, मासे, दूध पोटात जावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच आहार ठरवावा.

रोज एकदा उजेडात पाठ, खुबे व टाचा पाहाव्यात. लाल जागा बोटाने दाबून सोडावी. लाली तशीच राहिली तर तो इशारा समजावा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून पाहावे. जागा गरम, कडक किंवा दुखरी लागल्यास तिच्यावर भार देऊ नये आणि ती चोळू नये. फोड आला वा कातडी फाटली, तर हळद, राख, पावडर काही न भरता त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखवावे. मधुमेह असेल तर अधिकच घाई करावी.

सुगीत एक माणूस कमी पडला, तर कापणी दोन दिवस लांबेल. शय्याव्रण भरायला मात्र पुढची सुगीही उजाडू शकते.