चाकांची पावलं सरळ आहेत ना?

अस्थिरोग विभागात एक जुनी सवय शिकवली जाते. पायाची तक्रार घेऊन कोणी आलं, की आधी त्याची चप्पल उलटी करून बघायची. ती आतून झिजली आहे की बाहेरून, यावरून माणूस पाऊल कसं टाकतो ते कळतं. क्ष-किरण फोटो नंतर. गाडीच्या बाबतीत ही चप्पल म्हणजे टायर.

खड्ड्यांतून गाडी हाकल्यावर किंवा चाक दुभाजकाला आपटल्यावर अनेकांना जाणवतं, की गाडी एका बाजूला ओढते किंवा सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं. मग एखाद्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेप, दोरी आणि पाने घेऊन घरच्या घरी व्हील अलाइनमेंट करायचा उत्साह येतो. हे जमतं का? अर्धं काम नक्की जमतं. ते कोणतं, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण उरलेल्या अर्ध्यात जीवावर बेतू शकतं.

पुढच्या चाकांचे तीन कोन महत्त्वाचे. समोरून पाहिल्यावर चाकाची वरची बाजू आत किंवा बाहेर कललेली असते, तो कॅम्बर. काहींचे गुडघे एकमेकांना लागतात, काहींचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात, तसाच हा प्रकार. दुसरा कॅस्टर. चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष वरच्या बाजूला थोडा मागे कललेला असतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला त्याची मदत होते. रुग्णालयातलं स्ट्रेचर ढकलताना त्याची छोटी चाकं आपली आपण सरळ होतात, ते याच तत्त्वावर. तिसरा टो, म्हणजे वरून पाहिल्यास दोन्ही चाकांची पावलं आत वळलेली आहेत की बाहेर. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत सहज बदलता येतो तो हा तिसराच, आणि टायर झपाट्याने खातो तोही हाच.

किती खातो, याचा हिशेब सोपा आहे. समजा, टायरचा व्यास ५७० मिलिमीटर आहे आणि टो ३ मिलिमीटरने बिघडला आहे. म्हणजे प्रत्येक चाक दीड मिलिमीटरने तिरकं. एवढ्याने प्रत्येक टायर किलोमीटरमागे सुमारे अडीच मीटर आडवा घासला जातो. नागपूरहून निघून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पार करेपर्यंत हे आडवं घासणं पावणेदोन किलोमीटरच्या पुढे जातं, तेही तापलेल्या रस्त्यावर, भरधाव वेगात. झीज बऱ्याचदा टायरच्या आतल्या कडेला होते, जी उभ्याने पाहिल्यावर दिसतच नाही. अशी बोडकी कड पावसात पाणी नीट बाहेर टाकू शकत नाही. टायर फुटण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

म्हणून आधी निदान. गाडी ओढते म्हणजे अलाइनमेंटच बिघडलं, असं नाही. ताप आला म्हणजे मलेरियाच, असं आपण म्हणतो का? प्रथम टायर थंड असताना हवा तपासा; दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किती हवी ते लिहिलेलं असतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्यालाच कडेकडे उतार असतो, त्यामुळे गाडी थोडी डावीकडे झुकणं स्वाभाविक आहे. ब्रेक चिकटत असेल तरी गाडी ओढते. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा व्हील बॅलन्सिंग हवं. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते आहे, मधला भाग झिजला असेल तर जास्त. हातमोजा घालून टायरच्या पृष्ठभागावर हात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर संशयित आरोपी टो.

आता मोजमाप. यासाठी जॅक लागत नाही, गाडीखाली जावं लागत नाही. गाडी सपाट जमिनीवर घ्या, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि थोडी पुढे नेऊन थांबवा. दोन्ही पुढच्या टायरच्या पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, रुंदीच्या मधोमध खडूची बारीक खूण करा. तिथून ओळंबा सोडा आणि तो जमिनीवर टेकतो तिथे खूण करा. मग दोघांनी हळूच ढकलत गाडी पुढे न्या. तिसरा माणूस हँडब्रेकजवळ बसलेला हवा. चाकं अर्धा फेरा फिरली, की टायरवरच्या त्याच खुणा मागच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर येतील. पुन्हा ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा. पुढच्या दोन खुणांमधलं अंतर आणि मागच्या दोन खुणांमधलं अंतर यांतला फरक म्हणजे टो. पुढचं अंतर कमी असेल तर पावलं आत, जास्त असेल तर बाहेर. तीनदा मोजा, सरासरी काढा आणि गाडीच्या तांत्रिक माहितीतल्या आकड्याशी ताडून पाहा.

इथे थांबावं, असा माझा सल्ला आहे. रक्तदाब घरी जरूर मोजावा, वहीत लिहावा. पण गोळीचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नये. टो बदलायचा म्हणजे टाय रॉडचा चेकनट सैल करून रॉड फिरवायचा, तोही दोन्ही बाजूंना सारखा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं बसतं. नट नीट आवळला गेला नाही किंवा आट्यांची पकड अपुरी राहिली, तर रॉड निसटून चालत्या गाडीचं चाक ताब्याबाहेर जाऊ शकतं. त्याआधी सांधे ढिले नाहीत ना, हे तपासायला गाडी उचलावी लागते.

डॉक्टरांनी चाकांच्या मागे लागणं तसं जुनंच आहे. उत्क्रांतिवादाचे जनक चार्ल्स डार्विन यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे इंग्लंडमधले नामांकित वैद्य. वळणावर घोडागाडी उलटू नये म्हणून त्यांनी अठराव्या शतकातच चाकं वळवण्याची नवी रचना आखली होती. तरीही १७६८ मध्ये स्वतःच घडवलेल्या एका गाडीतून पडून त्यांच्या गुडघ्याची वाटी मोडली.

वाटी मोडली तर माणूस वाचतो. छातीवर गाडी आली तर मात्र वेळ फार थोडा असतो. श्वास घ्यायला बरगड्या फुलाव्या लागतात. त्यांवर काहीशे किलो वजन आलं की हवा आत जात नाही आणि हाकही मारता येत नाही. चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. मांडी किंवा पाय बराच वेळ दबला, तर चिरडलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन आणि पोटॅशियम रक्तात उतरतं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हृदयाची लय बिघडते. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेल्या लोकांवरून बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये हे सविस्तर नोंदवलं. बाहेर काढल्यावर नीट बोलणारी माणसंही काही दिवसांत दगावत होती. म्हणून अंगावर गाडी आलेल्या माणसाला, तो 'काही झालं नाही' म्हणाला तरी, रुग्णालयात न्यायलाच हवं. छाती दबली असेल तर पहिलं काम वजन हटवणं, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करणं.

गाडीतला जॅक फक्त स्टेपनी बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली घालू नये. विटांवर तर मुळीच नाही. वीट आधी न सांगता फुटते. गाडी उचलायचीच असेल, तर कडक सपाट जमीन, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, वजन पेलणारे जॅक स्टँड आणि जवळ दुसरा माणूस, एवढं सगळं हवं. यातलं एक जरी नसेल, तर काम पुढे ढकला.

वहीतले आकडे घेऊन अलाइनमेंटच्या दुकानात जा. काम करण्याआधीचे आणि नंतरचे, असे दोन्ही आकडे छापून मागा आणि आपल्या आकड्यांशी ताडून बघा. रक्ताच्या तपासणीचा अहवाल आपण जपून ठेवतो, तसा हा कागदही गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या खड्ड्यानंतर तो उपयोगी पडेल.