काठी घ्या, शिवेवर चला!

मे महिन्यात हॉथॉर्नची पांढरी फुलं कुंपणाकुंपणांवर फुलतात आणि इंग्लंडमधल्या काही खेड्यांत चर्चची मंडळी काठ्या घेऊन गावाच्या शिवेवर निघतात. पुढे पाद्री, मागे आजी-आजोबांपासून पोराटोरांपर्यंत सारे. या प्रथेचं नाव ‘बीटिंग द बाउंड्स’. ईस्टरनंतरचा पाचवा रविवार, म्हणजे रोगेशन संडे, हा तिचा जुना मुहूर्त.

नकाशे दुर्मीळ होते तेव्हा पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या भागाची, हद्द लोकांच्या आठवणीतच असायची. म्हणून हद्दीच्या दगडांवर विलोच्या छड्यांचे फटके मारत. कधी एखाद्या पोरालाच उचलून दगडावर आपटत, म्हणजे ती जागा त्याच्या जन्मभर लक्षात राही!

1559 मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या आदेशांनी चर्चच्या इतर मिरवणुका बंद केल्या, ही प्रदक्षिणा मात्र राखली. कवी आणि पाद्री जॉर्ज हर्बर्ट यांच्या 1652 मध्ये, मृत्यूनंतर छापलेल्या पुस्तकात तिचे चार फायदे आहेत: पिकांना आशीर्वाद, हद्दीचा न्याय, शेजाऱ्यांची दिलजमाई आणि गरिबांना मदत.

आजही वाटेत शेताच्या बांधावर थांबून पिकासाठी प्रार्थना होते. त्या दिवसांत इंग्लंडच्या खेड्यात असाल, तर चर्चच्या सूचनाफलकावर तारीख नक्की बघा. चिखलात चालतील असे बूट मात्र हवेत.