सिगारेटच्या पाकिटातील चित्रकला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटी पातळ कागदी पाकिटांतून विकल्या जात आणि त्या मोडू नयेत म्हणून पाकिटात जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवलेला असे. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर या कंपनीने 1880च्या दशकात या कोऱ्या तुकड्यावर रंगीत चित्रे छापण्यास प्रारंभ केला. जेम्स बॉन्सॅक याने 1881 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रामुळे सिगारेटींचे उत्पादन झपाट्याने वाढले होते आणि गिऱ्हाइकाला आपल्याच मालाशी बांधून ठेवण्याची निकड प्रत्येक कारखानदाराला भासत होती.

ही चित्रे क्रोमोलिथोग्राफीने, म्हणजे रंगीत शिळामुद्रणाने, छापली जात. या पद्धतीत गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने चित्र काढतात, शिळा ओली करतात आणि तेल व पाणी एकमेकांत मिसळत नसल्याने छपाईची शाई केवळ रेखाटलेल्या भागावरच धरते. मात्र प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागते आणि सर्व छाप अचूक एकावर एक बसावे लागतात. मुंबईत 1894 मध्ये सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातील देवदेवतांची चित्रे याच तंत्राची आहेत. जेमतेम पावणेतीन इंच लांब आणि दीड इंच रुंद कार्डावर गालावरची लाली किंवा पक्ष्याच्या पिसांची छटा उमटवण्यासाठी कारागीर अतिसूक्ष्म ठिपके कमीअधिक दाटीने भरत असे, आणि या कार्डांचे खरे सौंदर्य या ठिपक्यांतच आहे.

‘वर्ल्ड्स चॅम्पियन्स’ या 1887च्या सुमारास निघालेल्या 50 कार्डांच्या संचात बेसबॉलपटू, मुष्टियोद्धे व मल्ल यांच्याबरोबर नेमबाज ॲनी ओकलीही आहे. कार्डांच्या पाठीवर संचातील नावांची यादी छापलेली असल्याने आपल्याकडे कोणते कार्ड नाही हे गिऱ्हाइकाला नेमके कळे आणि ते मिळवण्यासाठी तो पुढचे पाकीट घेई. विक्रीची ही युक्ती अत्यंत प्रभावी होती. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या टोळीप्रमुखांचाही एक संच निघाला. ज्या काळात या समाजांच्या जमिनी हिरावून घेतल्या जात होत्या त्याच काळात त्यांच्या चेहऱ्यांचा तंबाखूच्या जाहिरातीसाठी उपयोग व्हावा, हे अतिशय क्लेशदायक आहे आणि रेखाटनाच्या कौशल्याने ते झाकले जात नाही.

ॲलन अँड गिंटरसह पाच मोठ्या कंपन्या 1890 मध्ये ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’त विलीन झाल्या, स्पर्धा मावळली आणि कार्डांची गरजही ओसरली. आज जुन्या कार्डांची चर्चा प्रामुख्याने लिलावातील किमतींभोवती फिरते. हा अन्याय आहे, कारण चित्रे घडवणाऱ्या बहुतेक कारागिरांचे नावही कार्डावर नाही, आणि त्यांची ओळख पटण्याचा मार्ग त्यांच्या कामाकडे पाहण्यातूनच जातो. जेफरसन बर्डिक या सिराक्यूजच्या कामगाराने जमवलेला तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असून त्यातील अनेक कार्डांच्या प्रतिमा संग्रहालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. जिज्ञासूंनी त्या मोठ्या करून, ठिपक्याठिपक्याने पाहाव्यात.